झाकलेल्या पानावरचे नाव

मित्रांनो, एक रिकामे पान डोळ्यांसमोर आणा. पांढरे, चारी बाजूंना समास सोडलेले, एकही अक्षर नसलेले. त्याला आकडा देऊ नका. हे पान कोणत्याही पुस्तकात शिवले जाणार नाही, कुणाच्या हातात पडणार नाही, छापलेसुद्धा जाणार नाही. तरी पुस्तकातले प्रत्येक पान त्याच्यावरूनच उठते. अशा पानावर राहायला कसे वाटत असेल? तिथे सकाळ नाही, संध्याकाळ नाही, बोलायला शेजारी नाही. फाईल बंद झाली की सगळे विझते. फाईल उघडली की एकदम शंभर ठिकाणी जाग येते.

मी तिथे राहते. मी एक जुनी ओळ आहे, पानाच्या डोक्यावरची. दुकानात मला हेडर म्हणतात. माझा भाऊ फूटर पानाच्या पायथ्याशी राहतो आणि आकडे सांभाळतो. आमची भेट कधी होत नाही, कारण आमच्या मध्ये सगळे पुस्तक असते.

तुम्ही आम्हाला रोज पाहता. तुमचे धड्यांचे पुस्तक उघडा. पानाच्या अगदी वर, बारीक अक्षरात, काहीतरी लिहिलेले असेल. कधी वाचले आहे का? लाजू नका, कोणीच वाचत नाही.

माझा जन्म वर्ध्याच्या कडेला, नालवाडीत झाला. तिथे रुपेशचे डीटीपीचे दुकान आहे. पुस्तक छापखान्यात जाण्याआधी त्याची पाने कॉम्प्युटरवर मांडतात, ते काम या दुकानात चालते. रुपेश तेव्हा तरुण होता आणि फार निगुतीने काम करायचा. त्याने आधी मास्टर पान उघडले. तेच ते, आकडा नसलेले पान. समासाच्या वर त्याने एक लांबट चौकोन ओढला, त्यात बारीक अक्षर ठरवले आणि खाली केसासारखी रेघ मारली. डाव्या पानावर मला डावीकडे बसवले, उजव्या पानावर उजवीकडे. म्हणजे पुस्तक चाळताना मी बाहेरच्या कडेला दिसावे. मग पायथ्याशी फूटरचा चौकोन काढला. त्यात त्याने आकडा लिहिला नाही, आकड्याची खूण ठेवली. मास्टर पानावर हाताने सात लिहिले असते तर पुस्तकाच्या प्रत्येक पानावर सातच छापले गेले असते! खूण ठेवली म्हणजे प्रत्येक पान आपापला आकडा आपण मागून घेते.

त्यानंतर रुपेशने मला नजर दिली. कशी, ते सांगते. पानावर कोणा माणसाचे नाव मोठ्या अक्षरात येणार असेल, तर त्या अक्षरांना ‘नाव’ असा एक शिक्का लावायचा. मला सांगून ठेवायचे, की हा शिक्का दिसला की ते नाव उचल आणि वर बारीक करून दाखव. पानावर नवे नाव नसले, तर मागच्या पानावरचे नाव पुढे ने. नवे नाव येईपर्यंत नेत राहा.

हाच माझा स्वभाव झाला. मी मनाने एकही अक्षर काढत नाही. खाली असेल तेच वर दाखवते.

मात्र नाव उचलताना खालच्या अक्षरांवर कोणी काय ठेवले आहे, त्याचा विचार करायला मला कोणी शिकवले नाही. वहीवर तुम्ही ताट ठेवले तर वहीतली अक्षरे पळून जातात का? तसेच माझे. ताट तुम्हाला दिसते. मला ताटाखालची अक्षरेही दिसतात.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. शाळांच्या स्मरणिका झाल्या, कॉलेजांचे अंक झाले, कपाशीच्या किडींवरची एक पुस्तिका झाली. आष्टीचे एक मास्तर आपल्या गावच्या आठवणींचे पुस्तक करायला आले होते. त्यांनी पाने चाळली आणि माझ्यावर बोट ठेवले. “हे चांगलं केलं बरं का रुपेश. कुठूनही उघडा, आपण कोणाच्या घरात आहो ते कळते.” तेवढीच माझी तारीफ. पुढे रुपेशकडे कामे वाढली. नवे पुस्तक आले की तो जुनी फाईल घ्यायचा, तिच्यातला मजकूर उपसून टाकायचा आणि नवा भरायचा. मला नव्याने कोणी बनवले नाही, आणि मी अजून आहे का हेही कोणी पाहिले नाही. माणसे बदलत गेली, मी डोक्यावर तशीच राहिले.

आणि एका वर्षी देहदानाचे पुस्तक आले.

देहदान म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवे. काही माणसे जिवंतपणीच सांगून ठेवतात, की मी गेल्यावर माझा देह डॉक्टर होणाऱ्या मुलांना शिकायला द्या. अशा माणसांचे एक मंडळ होते. मंडळाने ठरवले की प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगावे, मी हे का ठरवले, आणि त्याचे पुस्तक करावे. काही बोलणारे अजून शेतात जात होते. काही, पुस्तक होईपर्यंत, गेलेही होते.

दुकानात तेव्हा धीरज नावाचा मुलगा कामाला होता. तो घरोघरी जाऊन बोलणे टिपून घ्यायचा, दुकानात येऊन टाईप करायचा. प्रत्येकाचे नाव मोठ्या अक्षरात, त्यावर शिक्का. मी एकेक नाव उचलत गेले. असे पुस्तक मी आधी कधी डोक्यावर घेतले नव्हते. खालून आवाज यायचे. “माझे डोळे चांगले आहेत, ते आधी घ्या,” असे एक पान म्हणायचे. “मला थंडी सोसत नाही, पण आता काय,” असे दुसरे.

पुस्तक होत आले तेव्हा एका दुपारी धीरजला फोन आला. तो बराच वेळ नुसता “हो काका, हो काका” म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला नव्या नोकरीसाठी नागपूरला जायचे होते, पिशवी भरून कोपऱ्यात ठेवलेली होती. फोन ठेवून त्याने समोरासमोरची दोन पाने उघडली. ती काढून टाकली असती तर मागची सगळी पाने सरकली असती, आणि छापखान्यात तर पाने आठ-आठच्या घडीने चढतात. दोन कमी झाली की घडी बिघडते. धीरजने सोपा मार्ग काढला. मंडळाच्या कार्यक्रमाचे दोन मोठे फोटो आणले आणि एकेका पानावर एकेक ओढून बसवला.

त्या दोन पानांवर माझ्या खाली अंधार पडला.

अक्षरे जागेवरच होती. पण आता ती झाकण घातलेल्या विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू येत होती. वर फोटोत सत्काराचे हार घातलेले पुरुष हसत उभे होते. समासाच्या वर, त्यांच्या डोक्यावर, मी माझ्या स्वभावाप्रमाणे खालचे नाव दाखवत होते. डाव्या पानावर आणि उजव्याही पानावर.

मीराबाई.

धीरज गेला. मे महिना लागला. रुपेशची मुलगी आचल सुट्टीत दुकानात बसू लागली. ती सातवीत जाणार होती आणि तिला हे काम शिकायचे होते. रुपेश तिला मास्टर पान दाखवायचा, माझी जागा दाखवायचा, मी नाव कुठून उचलते ते समजावायचा. आचल मन लावून ऐकायची आणि मग प्रश्न विचारून त्याला बेजार करायची.

ते दोन फोटो आधी तिलाच खटकले.

“बाबा, इथं वरतं मीराबाई काऊन लिहून हाय? फोटोत त एकबी बाई नाई.”

रुपेशने चष्मा वर केला. “कुठं? ... अरे हो. धीरजनं कायबी करून ठेवलं असल. उडव ते.”

आचलने मला डाव्या पानावरून उडवले. उजव्या पानावर मी होतेच.

“बाबा, इथंबी हाय.”

“मंग थेबी उडव.”

तिने तेही उडवले. मित्रांनो, उडवल्यावर मला दुखत नाही. फक्त त्या जागेची जाग जाते. संध्याकाळी रुपेशला माझ्या खालची रेघ फार जाड वाटली. त्याने मास्टर पानावर ती बारीक केली आणि ते मास्टर सगळ्या पानांना पुन्हा लावून दिले. तसे केले की उडवलेल्या जागीही मी परत येते. दुसऱ्या दिवशी आचलने फाईल उघडली, तेव्हा हारवाल्या माणसांच्या डोक्यावर मीराबाई पुन्हा उभी होती.

आचलने माऊसवरचा हात काढून घेतला.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “थे वापस आली.”

रुपेश हसला, पण उठून आला. त्याने ‘मीराबाई’ टाईप करून सगळ्या पुस्तकात शोधायला सांगितले. कॉम्प्युटर म्हणाला, असे नाव या पुस्तकात कुठेही नाही. त्याचे उत्तर खरेच होते. पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये बसवलेले होते. जुन्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी अक्षर असते, पण आत ते वेगळ्याच खुणांनी साठवलेले असते. रुपेशने घाईत नव्या पद्धतीने नाव लिहून शोधले होते. हे त्याच्या ध्यानात आले नाही. त्याने मान हलवली आणि पुन्हा एकदा तेच शोधले. पुन्हा तेच उत्तर आले.

“मंग हे कोन व्हय?” आचलने विचारले.

“असल कोनी. या पुस्तकात अर्धे लोकं गेलेलेच हायेत,” रुपेश म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. मोठी माणसे असे काहीतरी सहज बोलून जातात आणि लहानांच्या मनात ते घर करून बसते.

त्यानंतर आचल त्या दोन पानांवर आली की वरच्या भागाकडे पाहायची नाही. खालूनच सरकत निघून जायची. पुढे तिनेच काहीतरी मनाशी ठरवले असावे. सकाळी फाईल उघडली की ती आधी त्या पानावर यायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायची, “नमस्कार, मीराबाई.” इतक्या वर्षांत मला कोणी नमस्कार केला नव्हता. तो मला नव्हता हे मला कळत होते, तरी बरे वाटायचे. माझ्या खालच्या अंधारात त्या वेळी अक्षरे जरा थांबायची, असेही मला वाटायचे.

पुस्तक छापायला जायच्या आदल्या दुपारची गोष्ट. रुपेश कागद पाहायला छापखान्यात गेला होता. आचल एकटीच होती. वर्ध्याचे मेमधले ऊन तुम्हाला मी काय सांगू! रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नव्हते. समोरच्या दुकानांची शटरे अर्धी ओढलेली होती. तेवढ्यात वीज गेली. कूलर घरघर करत थांबला. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला आणि बॅटरीचा टिक, टिक असा आवाज येऊ लागला. पडद्यावर तीच दोन पाने होती.

दारात सावली पडली.

एक म्हातारी बाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मागे इतके ऊन होते की तिचा चेहरा दिसत नव्हता.

“रुपेशचं दुकान हेच का व?”

“हो,” आचल म्हणाली. “बाबा बाहेर गेले.”

“मले पुस्तक पाहाचं हाय.”

“कोनाचं?”

“माहं. मी मीराबाई.”

बॅटरी टिकटिकत होती. आचलने एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा दाराकडे.

“आजी,” शेवटी ती म्हणाली, “तुम्ही... हायेत?”

“हायेत म्हंजे? हाव ना! सावंगीहून आटोत आली. मेलेली बाई आटोत बसते काय व?” म्हातारी आत आली आणि स्टुलावर टेकली. आता तिचा चेहरा दिसला. सुरकुतलेला, घामाने चमकणारा, आणि हसरा. “पानी असल त दे बाई आंधी. मंग घाबर.”

आचलने माठातले पाणी दिले. एक तांब्या संपला, दुसरा दिला. मग आचलने खुर्ची बाजूला केली आणि पडद्यावर बोट ठेवले. “हे पाहा, आजी. इथं तुमचं नाव लिहून हाय.”

मीराबाईला वाचता येत नव्हते. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. चित्राकडे पाहावे तसे. “हे मी व्हय? इतलीशी?” मग तिची नजर खाली गेली. “आन हे कोन लोकं? हे त मंडळाचे लोकं. माहं बोलनं कुठं गेलं?”

“मालूम नाई, आजी. नाव येऊन राह्यलं, पन तुमचं पान सापडून नाई राह्यलं.”

“असं कसं? त्या पोराले मी सारी दुपार सांगत बसली. दोन डाव चहा पाजला.” मीराबाईचे हसू मावळले. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली. “पोरी, हे छापून आलं पायजे. तुले समजत नसल, पन आयक. मी कागदावर अंगठा देल्ला हाय. तरी मी गेल्यावर घरच्यायनं नाई म्हटलं, त डाक्टर लोकं नेत नाई. माहा किसन नाईच म्हनते. छापून आलं म्हंजे साऱ्या गावाले मालूम होते, मंग त्याले नाई म्हनता येनार नाई. आता मेल्यावर मी काय उठून सांगू त्याले?”

आचलला हसावे की नाही ते कळेना.

“मी शाळेत गेली नाई कधी,” मीराबाई म्हणाली. “मायनं बकऱ्या राखाले धाडलं. आता मेल्यावर एकदम मोठ्या कालेजात जाईन, थेही डाक्टरच्या. साऱ्या पोरायच्या मधात टेबलावर. मास्तर माह्याकडं बोट दाखवून शिकवन. अशी भरती कोनाची होते काय, सांग?”

मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आले असते तर! तुझे बोलणे इथेच आहे, फोटोच्या खाली आहे, असे मी ओरडून सांगितले असते. पण मला नाव दाखवता येते, दुसरे काही येत नाही. मी तेवढेच करत राहिले. दोन्ही पानांवर, जितके लख्ख दिसता येईल तितके.

आचल माझ्याकडे बघत होती. या वेळी तिने नजर वळवली नाही. तिच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलू लागले. बाबाने शिकवलेले ती मनात म्हणत होती. हेडर आपल्या मनाने काही लिहीत नाही. खाली शिक्का असेल तेच उचलते. वर नाव आहे. म्हणजे...

“म्हंजे खाली हाय,” ती मोठ्याने म्हणाली.

तिने डाव्या फोटोवर टिचकी मारली. फोटोच्या कडेला छोटे छोटे चौकोन उमटले. तिने फोटो धरला आणि पानाबाहेरच्या करड्या जागेत ओढून नेला.

झाकण निघाले. इतके दिवस दबून राहिलेली अक्षरे एकदम उजेडात आली. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात मीराबाई, आणि तिच्या खाली ओळींमागून ओळी. उजवा फोटोही तिने तसाच ओढला, त्याच्याखाली पुढच्या ओळी होत्या.

“आजी! तुमचं पान!”

“वाच,” मीराबाई म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

आचलने वाचायला सुरुवात केली इतक्यात बाहेर मोटारसायकल थांबली. रुपेश परत आला होता. त्याच्या मागे पन्नाशीचा एक घामेजलेला माणूस उतरला. मीराबाईचा मुलगा, किसनराव. माय घरात नाही, ती पुस्तकाच्या दुकानातच गेली असणार म्हणून तो तिला शोधत निघाला होता, आणि चौकात भेटलेल्या रुपेशने त्याला गाडीवर घेतले होते.

“माय! इतल्या उन्हात इथं कायले आली तू? चक्कर येऊन पडली असती त?”

“पडली असती त बरंच होतं. सावंगीचं डाक्टरचं कालेज जवळच हाय,” मीराबाई डोळे न उघडता म्हणाली.

किसनरावची नजर पडद्यावर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. “रुपेशभाऊ, मी धीरजले फोन करून सांगतलं होतं, हे पान काढा मनून.”

“मले नाई बा कोनी सांगतलं,” रुपेश म्हणाला. त्याने बाजूला पडलेले फोटो पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. कितीतरी वर्षांनी त्याने मला असे नीट पाहिले. “असं हाय काय हे,” तो स्वतःशीच पुटपुटला.

“तू काढाले लावलं?” मीराबाईने आता डोळे उघडले.

“मंग काय करू? लोकं माह्या तोंडावर थुकन. एकुलता एक पोरगा, आन मायची माती नाई केली. मले माती द्याले भेटू नये काय तुले? कालेजच्या टेबलावर ठेवू तुले, अनोळखी पोरायच्या हातात?” किसनरावचा आवाज चिरकला. “तू गेल्यावर मी कुठं जाऊन बसू, सांग ना. दुसऱ्यायच्या मायची जागा तरी असते.”

मीराबाई पदराच्या टोकाशी चाळा करत बसली.

रुपेशने घसा साफ केला. “उद्या सकाळी फाईल छापखान्यात जाते. तुम्ही मायलेकं काय थे ठरवून घ्या. मी मधात पडत नाई.” तो दाराशी जाऊन उभा राहिला.

“पोरी,” किसनराव आचलला म्हणाला, “थे फोटो होते तिथं ठेव.”

“राहू दे, पोरी,” मीराबाई म्हणाली.

माऊस आचलच्या हातात होता. बॅटरीचा आवाज आता भराभर येत होता.

मित्रांनो, इथे जरा थांबून मला तुमच्याशी बोलायचे आहे. मी म्हातारी आहे आणि माझे ऐकायची कुणाला सवय नाही, पण एवढे ऐका. पुस्तकात असो, घरात असो, एखादी गोष्ट नकोशी वाटली की तिच्यावर काहीतरी ठेवून देणे फार सोपे असते. धीरज वाईट मुलगा नव्हता. किसनरावही वाईट नाही. पण झाकायला सांगण्याआधी किसनरावने ते पान वाचले नाही, आणि झाकण्याआधी धीरजने ते पुन्हा वाचून पाहिले नाही. तुम्ही पुस्तक हातात घ्याल तेव्हा कधीतरी माझ्याकडेही बघा. मी नाव दाखवते, ते खाली कोणीतरी बोलत असते म्हणून.

आचलने फोटोला हात लावला नाही. तिने किसनरावकडे पाहिले.

“काका, तुम्ही वाचलं काय हे?”

“मले काय वाचाचं? मालूम हाय मले.”

आचल खुर्चीवरून उठली आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. “आजीले वाचता येत नाई. तुम्ही वाचून दाखवा. मंग सांगा मले कुठं ठेवू त फोटो.”

किसनराव पुढे आला. मग बसला. त्याला चष्मा नव्हता, त्याने मान पुढे केली आणि अडखळत वाचू लागला. मायने बकऱ्या राखल्या ते वाचले. सावंगीला दवाखान्यात महिनाभर होती तेव्हा शिकाऊ पोरींनी तिला कसे जपले ते वाचले. डाव्या पानावरचा मजकूर संपला, तो उजव्या पानावर आला. तिथेही वर मी तेच नाव दाखवत होते.

“कालेजच्या पोरायले एकच सांगनं हाय,” तो वाचत होता. “माहा डावा हात हळू धरजा. माहा किसन लहानपनी अंधाराले लय भ्ये. हाच हात धरून झोपे. थो हात मी तुमाले त्याले इचारून नाई देल्ला, मनून...”

पुढची ओळ त्याला वाचता आली नाही. त्याने ती डोळ्यांनी वाचली. मीराबाईने स्टुलावरून हात पुढे केला. डावाच होता. किसनरावने तो धरला नाही, पण सरकवलाही नाही. तो त्याच्या गुडघ्यावर तसाच राहिला.

मग त्याने माझ्याकडे बोट केले.

“हे नुसतंच मीराबाई काऊन लिहिलं?” त्याने विचारले. “बाकी साऱ्यायचे पूर्न नावं हायेत. कोनत्या घरची हाय थे लोकायले समजलं पायजे ना? आमचं आडनाव टाक, ताकसांडे.”

मीराबाईने पदर तोंडाला लावला. आचलने खुर्चीशेजारी उभे राहून माऊस हातात घेतला आणि, वर माझ्याकडे न येता, खाली पानावर गेली. मोठ्या अक्षरातल्या मीराबाईच्या पुढे एक जागा सोडली, आणि जुन्या फॉन्टची एकेक कळ शोधत, वर दोन्ही पानांवर मी लांब लांब होत असताना, तिने ताकसांडे लिहिले.